आठव्या विहिरीचं पान

बाई,

सवयीप्रमाणे आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात सांगलीच्या कॉलेजात तुमच्या हाताखाली आम्ही दोघी एम.एस्सी.चं डिझर्टेशन करत होतो. मी साताऱ्याची, ती इस्लामपूरजवळच्या एका गावातली.

२. काम एकच होतं. तिच्या गावातल्या आठ विहिरींच्या पाण्यात क्षार किती ते दर पंधरा दिवसांनी मोजायचं, अशा सहा फेऱ्या. दोघींनी एकाच दिवशी जायचं, पण पाणी आपापल्या बाटल्यांत आणायचं, वेगवेगळं मोजायचं आणि एकमेकींची वही बघायची नाही.

३. चौथ्या फेरीला मी गेले नाही.

४. त्या फेरीचे आठही आकडे मी हॉस्टेलच्या खोलीत बसून, आधीच्या तीन फेऱ्यांवरून अंदाजाने लिहिले.

५. आठवी विहीर बौद्ध वस्तीची. त्या आठवड्यात वस्तीतल्या माणसांनी ती उपसून गाळ काढायला घेतली होती. त्या दिवशी तीत पाणी नव्हतं. मी त्या पाण्यातले क्षार दशांशापर्यंत लिहिले.

६. त्या पानावर तुम्ही सही केली नाहीत. पावसाळ्यात तुम्ही वारलात. पान तसंच माझ्या डिझर्टेशनमध्ये गेलं.

७. आज सात वर्षांनी तिची पीएच.डी. माझ्या त्या आकड्यापाशी अडली आहे. विद्यापीठाने मला पत्र पाठवून विचारलं आहे की तो आकडा मी प्रत्यक्ष मोजला होता का. शनिवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचं आहे.

कॉलेजात आम्ही सगळ्यांना मॅडम म्हणायचो, तुम्हालाच तेवढं बाई. तुम्ही औंधकडच्या. बोलणं शुद्ध, पण रागावलात की मध्येच गावाकडचा एखादा शब्द यायचा, आणि तो आला की आम्ही उभ्या राहायचो. तुमचे वहीचे नियम मला आजही पाठ आहेत. पेन्सिल चालणार नाही. आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी स्वतःची सही. ब्युरेटच्या नळीतून थेंब सोडताना पिवळं पाणी विटकरी व्हायला लागलं की थांबायचं, आणि दोन वेळचे आकडे जुळेपर्यंत पुन्हा करायचं. प्रत्येक पान तपासून खाली तुम्ही लाल शाईने सही करायचात. ज्या पानावर तुमची सही नाही ते डिझर्टेशनमध्ये घ्यायचं नाही. हा शेवटचा नियम तुम्ही एकदाच सांगितला होतात, कारण तो मोडायची वेळ कोणावर येईल असं तुम्हाला वाटलं नसावं.

माझी वही स्वच्छ असे. माझा हात स्थिर आहे आणि रंग बदलायच्या आधीचा थेंब मला कळतो. तिच्या वहीत पानापानावर आडव्या रेघा. तिचा एखादा थेंब जास्त पडायचा, मग "आयला, गेलं" म्हणून ती जीभ चावायची, रेघ मारायची, सही करायची आणि पुन्हा बाटली उघडायची. तिची वही हातात घेतलीत की तुम्ही खुर्ची ओढून बसायचात. माझी उभ्या उभ्या तपासायचात. मी घड्याळ लावून पाहिलं आहे: तिच्या वहीला पंचवीस मिनिटं, माझ्या वहीला चार. कमी चुका असणाऱ्याला कमी वेळ लागतो, हे मला कळत होतं. तरी मी घड्याळ पाहत होते.

एकदा तुम्ही म्हणालात, "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे." मी ते वाक्य हॉस्टेलवर घेऊन गेले आणि कोणालाही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात तुम्ही तुमची हिरवी लेडीज सायकल तिला दिलीत. तिचं सरकारी वसतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, रोज पाऊण तास चालत यायची. देणं बरोबरच होतं. मी कॉलेजच्या स्टँडपाशी उभी राहून फक्त त्या सायकलकडे बघत होते. तुम्ही बाहेर आलात, माझ्याकडे पाहिलंत आणि हसून म्हणालात, "तुला काय कमी आहे?" मी "काही नाही" म्हणाले. वडील बँकेत, आई शाळेत, घरात आजीसुद्धा मॅट्रिक झालेली. माझ्या उत्तरात तपासून पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि तुम्ही तपासलंही नाहीत.

तिच्या गावी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटेवरच्या मळ्यांतल्या सात विहिरी तुम्ही दाखवल्यात. मी यादी बंद केली. तुम्ही म्हणालात, "अजून एक." मग वस्तीच्या विहिरीवर नेलंत. आधीच्या कोणाच्या कामात ती नव्हती, कारण मोजायला येणारे मळ्यांपर्यंत येऊन परत जात. तिचं घर त्याच वस्तीत. तिच्या आईने भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी केली होती. तुम्ही ओट्यावर मांडी घालून बसलात. मी डबा नेला होता. "आवं ताई, घ्या की चतकोर," तिची आई मला दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा पोट भरलंय असं सांगितलं. ते खरं नव्हतं. लेकीने मान वर केली नाही, भाकरी चुरत राहिली. तुम्ही चटणी मागून घेतलीत. परतीच्या गाडीत मी डबा उघडून खाल्ला, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

आता तो रविवार. एप्रिलअखेर. आम्ही दोघी नेहमी सांगलीच्या स्टँडवरून आठची इस्लामपूर गाडी धरायचो. मी पावणेआठला पोचले. तुम्ही खिडकीशी बसलेल्या दिसलात. तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं. ती धावत आली, तुम्ही खिडकीतून हाक मारलीत, "ये गं, जागा धरलीय," आणि शेजारच्या जागेवरचा रुमाल उचललात. तिच्या हातातली बाटल्यांची पिशवी घेऊन तुम्ही स्वतःच्या मांडीवर ठेवलीत. ती काहीतरी म्हणाली आणि तुम्ही हसलात. तुम्ही तोंडावर हात न धरता हसू शकता हे मला तोवर माहीत नव्हतं. मी पेपरच्या दुकानाआड उभी होते. बाक तिघींचा होता. तिसऱ्या जागेवर तुमची पर्स होती. ती जागा माझ्यासाठी धरलेली असेल, हे मला आज सुचतं. त्या दिवशी मला फक्त पर्स दिसली. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले आणि मग हॉस्टेलवर परत गेले. बाटल्या आठ होत्या, आठही कोरड्या.

दुपारी मी आलेखाचा कागद काढला. आठ विहिरींचे तीन-तीन बिंदू मांडले, रेषा पुढे नेल्या, उन्हाळा वाढतोय म्हणून थोडा चढ दिला. अगदी सरळ येऊ नये म्हणून एका विहिरीला थोडं कमी केलं. दोन वेळचे आकडे लिहायचे होते, तेही लिहिले. एक जोडी मुद्दाम न जुळणारी, मग तिच्यावर आडवी रेघ, शेजारी सही. माझ्या वहीतली ती पहिली रेघ. खोट्या पानावर तेवढी तुमच्या पद्धतीची रेघ आहे. संध्याकाळी ती भेटली. "कुठल्या गाडीनं आलीस गं? दिसलीच न्हाईस." मी म्हणाले, पुढच्या.

सोमवारी दोन्ही वह्या तुमच्या टेबलावर. तुम्ही आधी तिची पाहिलीत, मग माझी, आणि या वेळी माझ्यासाठीही खुर्ची ओढलीत. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

"आठव्या विहिरीचं पाणी कसं होतं?"

"नेहमीसारखं."

"गढूळ?"

"नाही. नितळ."

"किती खाली गेलंय?"

"दोन-तीन पायऱ्या."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "हे पान राहू दे. सावकाश बघू." आवाज चढला नाही, गावाकडचा शब्दही आला नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

पाचव्या फेरीला मी एकटी आठव्या विहिरीवर गेले तेव्हा काठाला काळ्या गाळाचा ढीग होता, माझ्या खांद्याइतका. वरचा थर वाळून भेगाळला होता. एक म्हातारी तिथे कळशी घासत होती. मी विचारलं, हे कधी काढलं? "मागच्या खेपंला की. चार दिस लागलं. बाया टोपल्या वर वडत हुत्या, गडी खाली. तुमच्या त्या बाई आल्या हुत्या न्हवं, काठावर हुब्या राहून समदं बघितलं त्यांनी. पार बुडापत्तोर कोरडी केलती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी न्हवता वाटतं तवा." मी नाही म्हणाले. त्या विहिरीबद्दल मी कोणाला दिलेलं तेवढंच खरं उत्तर.

पाचव्या आणि सहाव्या फेरीत आठव्या विहिरीतले क्षार एकदम निम्म्यावर आले. हे आकडे मी मोजलेले आहेत, त्यांत खोट नाही. गाळ निघाला, खालचे झरे मोकळे झाले, चांगलं पाणी आलं. पण माझ्या चौथ्या आकड्याप्रमाणे विहीर कधी रिकामी झालीच नव्हती. तेव्हा मला दुसरं कारण शोधावं लागलं. मे महिन्यात दोन वळीव झाले होते. मी लिहिलं, वळवाच्या पावसाने क्षार कमी झाले असावेत. वस्तीतल्या बायकांनी चार दिवस टोपल्या ओढल्या त्याचं श्रेय मी पावसाला दिलं. परीक्षकांना ते वाक्य पटलं.

मेपासून ऑगस्टपर्यंत माझ्याकडे वेळ होता. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत होतं. जूनमध्ये तुम्हाला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. मी एकदाच आले, वर्गातल्या इतर मुलींबरोबर. तुम्ही सगळ्यांची विचारपूस केलीत आणि मला विचारलंत, "काम कुठवर आलं?" मी म्हणाले, टायपिंगला दिलंय. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. बाकीच्या मुलींना वाटलं तुम्ही थकलात, म्हणून सगळ्या उठल्या. मीही उठले. त्यानंतर तुमच्या जागी आलेल्या सरांनी शेवटचं पान उघडून सही केली. आतली पानं त्यांनी पाहिली नाहीत.

आज मी साताऱ्याला एका प्रयोगशाळेत आहे. माझ्या सहीने पाण्याचे रिपोर्ट गावोगाव जातात, आणि त्यांत एकही आकडा अंदाजाचा नाही. कोणी न विचारता हे सांगायची मला सवय लागली आहे. ती इस्लामपूरला ज्युनियर कॉलेजात शिकवते. चार वर्षं तिने सुट्ट्यांत त्याच भागातल्या लहान विहिरींवर काम केलं. तिचं म्हणणं साधं आहे: उन्हाळ्यात विहीर उपसून गाळ काढला तर पाण्यातले क्षार कमी होतात, आणि हे काम वस्तीतल्या बायका स्वतः करू शकतात. त्याची सुरुवात आठव्या विहिरीपासून. तिच्या तक्त्यात चौथ्या फेरीपुढे लिहिलंय, 'विहीर उपसलेली, नमुना नाही'. माझ्या तक्त्यात तिथे आकडा आहे. परीक्षकांनी दोन्ही डिझर्टेशनं शेजारी ठेवली आणि स्वच्छ तक्ता खरा धरला. तिची वही वाळवीने खाल्ली. माझी माझ्याजवळ आहे.

गेल्या रविवारी ती साताऱ्याला घरी आली. पिशवीभर ओल्या शेंगा घेऊन. शिकवताना ती चांगलं शुद्ध बोलते, माझ्याशी बोलताना बदलत नाही.

"लय वाळलीस गं. जेवतीस का नुसतंच मोजतीस?"

"बस. चहा ठेवते."

"त्यांचं पत्र आलं न्हवं तुला?"

"आलं."

"मग आसं कर. तू त्या खेपंला आठ दिस आधीच येऊन गेलीस म्हनून लिव्हून दे. आजारी पडनार हुतीस, गावाला जायचं हुतं, कायबी लिव्ह. उपसा तुज्या मागनं झाला. तुजा आकडाबी खरा, माजी कोरडी हीरबी खरी. दोगींचं भागतंय."

"ते खरं नाही."

"ठावं हाय मला."

चहा उतू जायला आला होता, मी आच कमी केली. "कधीपासून?"

"मिरजंपास्नं. बाई म्हनल्या, तिचं एक पान राहिलंय. ती येईल माझ्याकडं. तू मधी पडू नगंस." मग कप हातात घेऊन म्हणाली, "रोज इचारायच्या, आली का म्हनून."

"तू रोज जायचीस?"

"व्हय. सायकल हुती की."

सात वर्षं काही बोलली नाहीस, असं मी म्हणाले. ती म्हणाली, "बाईंनी नगं म्हनलं हुतं. आनि मला वाटलं, तू एकटी जाऊन आली आसशील. तू कवा कुनाला सांगून काय करतीस का?" मी विचारलं, माझ्यासाठी खोटं का सुचवतेस? तिने शेंग फोडली. "तुज्या सहीवर लोक पानी पित्यात गं. ती सही गेली तर कुनाला इचारायचं? माजं काय, मी परत मोजीन. मला सवय हाय."

बाई, मी तिच्या सूचनेची नीट तपासणी केली. त्यात कुठेही तोटा नाही. तिचं प्रकरण वाचतं, वस्तीचं काम कागदावर येतं, माझी डिग्री आणि नोकरी राहते. खोटं आहे ते एकच वाक्य, आणि ते तपासायला साक्षीदार उरलेला नाही. एवढं बिनचूक मलाही जमलं नसतं. मी ते करणार नाही. पण त्याचं कारण प्रामाणिकपणा असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला तिच्या उपकारात राहायचं नाही, हे पहिलं कारण. दुसरं असं की जिच्या वहीत इतक्या रेघा होत्या तिने माझ्यासाठी एक खोटी ओळ सुचवावी, आणि त्यातही ती माझ्यापेक्षा चांगली ठरावी, हे मला सहन होत नाही. प्रामाणिकपणा तिसरा असेल.

विद्यापीठाला द्यायचं उत्तर मी काल लिहिलं. पाच ओळींचं आहे. चौथ्या फेरीला मी गेले नाही. आठही आकडे काल्पनिक आहेत. विहीर उपसलेली होती, गाळ मी पुढच्या खेपेला पाहिला. क्षार कमी झाले ते त्यामुळे, पावसाने नाही. माझ्या डिग्रीबाबत जो निर्णय होईल तो मान्य आहे. सोबत मूळ वही जोडली आहे, ते बिनसहीचं पान उघडं ठेवून. प्रयोगशाळेतल्या साहेबांनाही सांगितलं आहे. ते म्हणाले, निर्णय येईपर्यंत रिपोर्टवर सही करू नका. तिला अजून सांगितलेलं नाही. तिला विद्यापीठाच्या पाकिटातून कळू दे.

हे दुसरं पत्र कुठे टाकायचं नाही हे ठरवूनच लिहायला बसले. पण एक गोष्ट माझ्याने ठरवता येत नाही. तुम्ही माझी वाट पाहिलीत हे मला कळलं, तेही तिच्या तोंडून. रोज विचारत होतात, पण तिला. मला एक ओळ पाठवली असतीत, चिडून, गावाकडच्या शब्दांत, तर मी आले असते का, हे मला खरंच माहीत नाही. कदाचित आले नसते. पण ती ओळ माझी असती, आणि ती तिला दाखवायची गरज मला पडली नसती.

तुम्ही काहीही कळवलंत तरी शनिवारी तीच पाच ओळींची चिठ्ठी जाणार आहे, तेव्हा तुमचा सल्ला मला नको आहे. तरी विचारते आहे, कारण या वेळी तुम्ही आधी मला लिहावं असं वाटतं. शुक्रवारपर्यंत उत्तर मिळावं, ही विनंती.